कोळंबीला आजाराची आठवण राहते का?

डहाणू तालुक्यातील वरोर, वाढवण, चिंचणी या किनाऱ्यावरच्या गावांतील मुलांना भरती-ओहोटी फळ्यावर काढून दाखवावी लागत नाही. पाणी मागे गेले की खडकांना चिकटलेली कालवे, कपारीतल्या चिंबोऱ्या आणि डबक्यात अडकलेली कोळंबीची पिल्ले ही त्यांच्या रोजच्या पाहण्यातली असतात. पण या प्राण्यांविषयीचा एक साधा प्रश्न वर्गात फारसा विचारला जात नाही. किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या चमचाभर पाण्यात लाखो जीवाणू आणि कोट्यवधी विषाणू असतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असले तरी सगळेच नसतात. कालव तर हे पाणी सतत आपल्या शरीरातून गाळत असते. मग हे प्राणी रोज आजारी कसे पडत नाहीत? आणि एकदा आजारातून वाचलेल्या कोळंबीला तो आजार पुन्हा ओळखता येतो का?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. पालघर जिल्ह्यात खाडीकाठच्या खाजण जमिनीत कोळंबीची तळी आहेत. अशा तळ्यात रोग शिरला तर आठवड्याभरात सगळे पीक जाऊ शकते. कोंबड्यांना लस देता येते, गुरांना देता येते, मग कोळंबीला का नाही? हे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना पाठ्यपुस्तकातील एक वाक्यही दुरुस्त करावे लागले.

दोन प्रकारची संरक्षण व्यवस्था

आपण वर्गात शिकवतो की रोगप्रतिकार दोन प्रकारचा असतो. पहिला उपजत. तो जन्मापासून असतो, ताबडतोब कामाला लागतो आणि सर्व जंतूंना साधारण सारखीच वागणूक देतो. दुसरा अर्जित. त्यात लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी विशिष्ट जंतू ओळखतात, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात, आणि त्यातल्या काही पेशी पुढे वर्षानुवर्षे 'स्मृतिपेशी' म्हणून राहतात. एकदा गोवर झालेल्याला तो सहसा पुन्हा होत नाही तो यामुळेच. लसीकरणाचा पायाही हाच.

लिंफोसाइट आणि प्रतिपिंडांची ही व्यवस्था फक्त पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत सापडते. कोळंबी, खेकडे, कालवे, तिसऱ्या, कीटक, गांडुळे यांच्याकडे ती नाही. म्हणजे पृथ्वीवरच्या प्राण्यांच्या बहुसंख्य जाती निव्वळ उपजत प्रतिकारावर जगतात. यावरून पाठ्यपुस्तकांनी सरळ निष्कर्ष काढला होता: उपजत प्रतिकाराला स्मृती नसते, म्हणून अपृष्ठवंशी प्राण्यांना लस टोचून उपयोग नाही.

उपजत प्रतिकार दुबळा असतो असे मात्र समजू नये. त्याचा शोधच एका सागरी प्राण्यात लागला. 1882 साली इटलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी त्या काट्यांभोवती अळीच्या फिरत्या पेशी गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. परक्या वस्तूला गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल 1908 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कोळंबीतही अशा पेशी असतात. तिचे 'रक्त' तांबड्या रंगाचे नसते. त्यात लोहाऐवजी तांबे असलेले प्राणवायूवाहक प्रथिन असते. या रक्तात फिरणाऱ्या पेशी जंतू गिळतात, जंतुनाशक प्रथिने सोडतात आणि जखम झाली की तिथले रक्त गोठवतात.

तिच्याकडचे आणखी एक शस्त्र आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसते. बाजारातून आणलेली कोळंबी तशीच राहिली की तिचे डोके आणि सांधे काळे पडू लागतात. वांगे किंवा बटाटा चिरून ठेवल्यावर काळवंडतो, त्याच धाटणीची ही रासायनिक क्रिया आहे, आणि ती घडवणारी विकरे एकाच कुळातली आहेत. जिवंत कोळंबीत हे विकर झोपलेल्या स्थितीत असते. जंतूच्या कवचाचा विशिष्ट तुकडा भेटला की ते जागे होते, आणि जंतूभोवती काळ्या मेलॅनिनचा थर चढतो. या क्रियेत निर्माण होणारी रसायने जंतूला घातक असतात.

पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू

इतकी शस्त्रे असताना तळ्यातली कोळंबी मरते का? याचे ठळक उदाहरण म्हणजे 'पांढरे ठिपके' रोग. 1992-93 च्या सुमारास पूर्व आशियात तो प्रथम दिसला आणि 1994 मध्ये भारतात पोचला. त्या काळी आपल्याकडे टायगर कोळंबीचे संवर्धन जोरात वाढत होते. रोगी कोळंबीच्या कवचाच्या आतल्या बाजूला कॅल्शियमचे पांढरे ठिपके दिसतात, ती खाणे सोडते, तळ्याच्या काठाशी येते, आणि लक्षणे दिसल्यापासून तीन ते दहा दिवसांत तळ्यातली जवळजवळ सर्व कोळंबी मरू शकते. या विषाणूचा डीएनए सुमारे 3 लाख जोड्यांचा आहे. विषाणूंच्या मानाने हा आकार मोठाच. तो खेकडे, शेवंड आणि समुद्रातल्या इतर कवचधाऱ्यांतही राहू शकतो. त्यामुळे तळे स्वच्छ केले तरी शेजारच्या खाडीतून तो परत येण्याची वाट उघडी असते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. खाडीत कोळंबी विरळ असते. तळ्यात एका चौरस मीटरला कित्येक असतात, आणि मेलेल्या कोळंबीला जिवंत कोळंबी खाते. विषाणूला एका प्राण्यातून दुसऱ्यात जायला इतकी सोय निसर्गात मिळत नाही. म्हणजे कोळंबीचा प्रतिकार तोच असतो, तिची परिस्थिती आपण बदललेली असते.

स्मृती आहे, पण कशी ओळखावी?

1989 मध्ये जपानी संशोधकांनी मारलेल्या व्हिब्रिओ जीवाणूंचा वापर करून कुरुमा कोळंबीचे संरक्षण करता येते असे दाखवले. 2000 मध्ये जपानमधूनच आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध झाले: पांढऱ्या ठिपक्यांच्या साथीतून वाचलेल्या कुरुमा कोळंबीला तोच विषाणू पुन्हा दिला असता ती अधिक प्रमाणात तग धरते. हा प्रतिकार लगेच नव्हे, तर काही आठवड्यांनी दिसला.

ही स्मृतीच, असे म्हणायची घाई करू नये. ज्येष्ठ विद्यार्थ्यांसमोर हा प्रश्न जरूर ठेवावा. साथीत वाचलेल्या कोळंब्या मुळातच काटक असतील तर? शंभरांतल्या नव्वद दुबळ्या मेल्या आणि दहा काटक उरल्या. त्या दहांना पुन्हा विषाणू दिल्यावर त्या तगल्या, तर त्यांनी काही 'शिकले' असे होत नाही. ही निवड झाली. निवड आणि स्मृती बाहेरून सारख्याच दिसतात.

या दोन्हींची गल्लत टाळायची तर पहिली भेट अशी हवी की तिच्यात कोणी मरणार नाही. म्हणजे मेलेला जंतू किंवा त्याचे एखादे प्रथिन द्यायचे, आणि एकाच खेपेच्या पिल्लांचे दोन गट करायचे: एकाला जंतूचा अंश द्यायचा, दुसऱ्याला नाही. मग दोघांनाही खरा विषाणू द्यायचा. आता फरक दिसला तर तो निवडीमुळे नाही.

तरीही एक शंका उरते. पहिल्या भेटीने जागी झालेली यंत्रणा कदाचित अजून जागीच असेल. रात्रीच्या गलबल्याने जागा झालेला माणूस पहाटे चोर पकडतो, म्हणून त्याला चोर ओळखता येतो असे नाही. तेव्हा मधल्या काळात प्रतिकाराची पातळी पूर्ववत झाली होती का, हेही मोजावे लागते. आणि शेवटचा प्रश्न: हे संरक्षण त्याच जंतूपुरते आहे की कोणत्याही जंतूविरुद्ध?

या कसोट्यांवर उतरणारे प्रयोग पुढे झाले. 2003 मध्ये कुर्ट्झ आणि फ्रान्झ यांनी गोड्या पाण्यातील कोपेपॉड या इवल्याशा कवचधारी प्राण्याला एका चपट्या कृमीचा संसर्ग दोनदा दिला. दुसऱ्या वेळचे कृमी पहिल्या कृमींची भावंडे असतील तर संसर्ग कमी झाला. परक्या कुळातले असतील तर जास्त. प्रतिपिंडांशिवायही ओळख इतकी बारीक असू शकते हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटले. 2017 मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी कालवांवर असाच प्रयोग केला. तिथे 2008 पासून एका नागीणवर्गीय विषाणूने कालवांच्या पिल्लांचा मोठा संहार चालवला होता. विषाणूच्या आरएनएसारखे दिसणारे एक कृत्रिम रसायन कालवांना दिल्यावर पाच महिन्यांनंतरही त्यांतली जवळजवळ सर्व त्या विषाणूपासून वाचली. व्हिब्रिओ जीवाणूपासून मात्र त्या रसायनाने संरक्षण दिले नाही.

याच सुमारास माणसांच्या बाबतीतही हा विषय पुढे आला. डाव्या दंडावर ज्या बीसीजी लशीचा व्रण असतो, ती क्षयासाठी दिली जाते. पण तिच्यामुळे रक्तातल्या भक्षक पेशी इतर जंतूंविरुद्धही अधिक तत्पर होतात असे दिसले. नेदरलँड्समधील मिहाई नेटेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये याला 'प्रशिक्षित प्रतिकार' असे नाव सुचवले. 'उपजत प्रतिकाराला स्मृती नसते' हे पाठ्यपुस्तकातले वाक्य आता बदलायला हवे. उपजत प्रतिकाराला स्मृती असू शकते. ती वेगळ्या जातीची असते.

ही आठवण कुठे साठते?

आपल्या स्मृतिपेशी म्हणजे त्या विशिष्ट जंतूसाठी खास निवडलेल्या पेशींची फौज असते. कोळंबीत तशा पेशी नाहीत. मग बदलते काय? एक उत्तर पेशीच्या केंद्रकात आहे. तिथे डीएनएचा धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. घट्ट गुंडाळलेले जनुक वाचता येत नाही, सैल झालेले चटकन वाचता येते. जंतूशी पहिली भेट झाली की काही प्रतिकारक जनुकांच्या भागांवर रासायनिक खुणा बसतात आणि ते भाग सैल राहतात. कोळीवाड्यातल्या घरी हंगाम नसताना जाळी माळ्यावर बांधून ठेवतात, आणि हंगाम आला की ती ओटीवर येतात. जाळे तेच असते, फक्त हाताशी आलेले असते. या आठवणीत नवे जनुक येत नाही, असलेले जनुक हाताशी येते.

याखेरीज कवचधारी आणि कीटकांत एक जनुक असे आहे की त्याचे तुकडे वेगवेगळ्या प्रकारे जोडून हजारो वेगवेगळी प्रथिने बनू शकतात. फळमाशीत या जोडण्यांची संख्या 38,016 भरते. जंतू ओळखण्यात या प्रथिनांचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. तिसरी वाट आरएनएची आहे. विषाणूच्या आरएनएचे छोटे तुकडे करून त्यांच्याच मदतीने तसाच आरएनए शोधून तोडण्याची युक्ती कोळंबीच्या पेशींना अवगत आहे.

तळ्याच्या काठावरचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्मृती आहे, मग लस का नाही? याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे.

2004 मध्ये नेदरलँड्समधील वागेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी टायगर कोळंबीला खाद्यातून लस दिली. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूच्या आवरणातले एक प्रथिन जीवाणूंकडून बनवून घेतले, ते जीवाणू मारले आणि खाद्याच्या गोळ्यांवर त्यांचा लेप दिला. त्यानंतर 3, 7 आणि 21 दिवसांनी कोळंबीला खरा विषाणू दिला. सापेक्ष संरक्षण अनुक्रमे 64, 77 आणि 29 टक्के आले. सापेक्ष संरक्षण 77 टक्के म्हणजे लस न दिलेल्या गटात जितक्या मेल्या असत्या, त्यांतल्या शेकडा 77 वाचल्या. समजा, लस न दिलेल्या शंभरांतल्या 80 मेल्या. मग सातव्या दिवशीच्या गटात सुमारे 18 मरतील, आणि एकविसाव्या दिवशीच्या गटात सुमारे 57. तीन आठवड्यांत फायद्याचा मोठा भाग ओसरला.

तळ्यातले पीक किती दिवसांचे असते? व्हेनामी कोळंबी काढणीला यायला साधारण साडेतीन ते चार महिने लागतात. तीन आठवडे टिकणारी आठवण चार महिन्यांच्या पिकाला कशी पुरणार? पुन्हा पुन्हा लसयुक्त खाद्य दिले तर खर्च वाढतो. टोचणीचा विचारही करवत नाही. भारतातील नियमांप्रमाणे व्हेनामीची दाटी एका चौरस मीटरला जास्तीत जास्त 60 ठेवता येते. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. म्हणजे एका हेक्टरात 6 लाख पिल्ले! प्रत्येकीला सुई कोण टोचणार?

आणखी एक बाजू आहे. प्रतिकार फुकट मिळत नाही. शस्त्रे सतत परजून ठेवायला ऊर्जा लागते, आणि ती वाढीच्या वाट्यातून जाते. बाजारात यीस्टच्या पेशीभित्तिकेतील ग्लुकन वगैरे 'प्रतिकारवर्धक' पदार्थ मिळतात. ग्लुकनला कोळंबीच्या पेशी प्रतिसाद देतात हे खरे आहे. पण ते अखंड देत राहिल्यास परिणाम कमी होतो, कधी उलटाही होतो. बाटलीवरचे 'रोगप्रतिकार वाढवते' हे वाक्य वाचताना आपण वर पाहिलेले प्रश्न विचारावेत: कोणत्या रोगाविरुद्ध? किती दिवस? तुलनेसाठी दुसरा गट होता का? प्रतिजैविकांचे तर विचारायलाच नको. ती विषाणूवर चालत नाहीत. शिवाय क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांवर कोळंबी संवर्धनात बंदी आहे.

पिल्लांऐवजी आईला शिकवता येईल का?

6 लाखांचा प्रश्न सोडवण्याची एक वाट सध्या आशादायक वाटते. मिठागरांच्या अतिखाऱ्या पाण्यात आर्टेमिया नावाचा छोटा कवचधारी प्राणी राहतो. त्याच्या काही प्रकारांत नराशिवायच पिल्ले होतात, म्हणजे आई आणि मुली जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारख्या असतात. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवले की, अशा आर्टेमियाच्या एका पिढीला जीव न जाईल इतक्या उष्णतेचे झटके दिले, तर पुढच्या तीन पिढ्या, स्वतः कसलाही झटका न सोसता, उष्णतेला आणि घातक व्हिब्रिओला जास्त तोंड देतात. 2016 मध्ये त्यांनी पूर्वजांची गाठ थेट व्हिब्रिओशी घालूनही असाच परिणाम मिळवला. माद्या एकसारख्याच असल्यामुळे इथे 'काटक तेवढ्या उरल्या' ही शंकाही बरीच दूर होते.

कोळंबीची एक प्रजनक मादी एका वेळी लाखभर किंवा त्याहूनही अधिक अंडी घालते. बीज केंद्रातल्या थोड्या माद्यांना शिकवून लाखो पिल्लांना लाभ देता आला, तर हिशेब पूर्ण बदलेल. आर्टेमियात जे घडले ते तळ्यातल्या कोळंबीत, खऱ्या रोगासमोर, चार महिने टिकते का, हे सिद्ध व्हायचे आहे. शेतकऱ्याच्या हाती देता येईल अशी वस्तू अजून झालेली नाही, हे आम्ही संशोधकांनी स्पष्टपणे सांगायला हवे.

तोवर काय?

तोवर विषाणूला आतच येऊ न देणे हा उपाय. भारताने 2009 मध्ये व्हेनामी आणताना हाच मार्ग धरला. ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त असलेल्या प्रजनक कोळंबीलाच प्रवेश द्यायचा, आणि तिला चेन्नईतील नीलांकराई येथील केंद्रात आधी अलग ठेवून तपासायचे. 'रोगजंतूमुक्त' म्हणजे 'रोगप्रतिकारक' नव्हे, हा फरक अनेकदा निसटतो. अशी कोळंबी स्वच्छ असते, पण घाणीत टाकली तर तीही मरते. म्हणून पुढची कामे तळ्यावरच करावी लागतात: बीज सोडण्यापूर्वी पीसीआर तपासणी, दोन पिकांच्या मध्ये तळे भेगा पडेपर्यंत वाळवणे, खाडीचे पाणी आधी साठवण तळ्यात घेऊन ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करणे, खेकडे शिरू नयेत म्हणून बांधाभोवती कुंपण, पक्ष्यांसाठी वर दोऱ्या, आणि एका तळ्याची जाळी-बादल्या दुसऱ्यात न वापरणे. रोग आलाच तर पाणी तसेच खाडीत न सोडता आधी निर्जंतुक करायचे. हे शेवटचे काम सर्वांत जास्त टाळले जाते. एकाने सोडलेले पाणी शेजाऱ्याचा पंप ओढतो, आणि खाडीतल्या चिंबोऱ्यांतही विषाणू पोचतो. खाडी सर्वांची असते, त्यामुळे हा रोग एकट्या तळ्यापुरता राहत नाही.

वर्गासाठी

1. ताज्या, न सोललेल्या कोळंबीचे तीन वाटे करा. एक बर्फात, एक लिंबाच्या रसात, एक तसाच ठेवा. दर तासाला डोक्याचा रंग नोंदवा. चिरलेल्या वांग्याबरोबर तुलना करा. थंडी आणि आम्ल यांचा विकरावर काय परिणाम झाला? प्रयोगानंतर ही कोळंबी खायची नाही.

2. एका शेतकऱ्याने नवे खाद्य वापरले आणि त्या वर्षी तळ्यात रोग आला नाही. 'खाद्यामुळे प्रतिकार वाढला' असे म्हणायला आणखी कोणती माहिती लागेल? विद्यार्थ्यांना यादी करू द्या. शेजारच्या तळ्याचे काय झाले, बीज कुठले होते, त्या वर्षी हवामान कसे होते, हे मुद्दे त्यांच्याकडूनच येतील.

3. संरक्षण तीन आठवड्यांऐवजी सहा आठवडे टिकले, तर 120 दिवसांच्या पिकाला लसयुक्त खाद्य किती वेळा द्यावे लागेल? आत्ता किती वेळा लागते? हे गणित सोडवताना आणखी एक विचार करायला सांगा: पिकाच्या कोणत्या टप्प्यावर रोग आला तर नुकसान सर्वांत जास्त, आणि म्हणून पहिली मात्रा केव्हा द्यावी?